सत्त्याऐंशी डाग आणि एक हसरा इसम

घर सोडण्याआधी घराचा पंचनामा करावा, ही कल्पना माझी. हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला वदवून घ्यावं लागणार नाही. आमच्या घरी हल्ली ते माझ्याकडून रोज सकाळी चहाबरोबर वदवून घेतलं जातं.

त्याचं असं झालं. आम्हाला नवं घर सापडलं. त्यात स्वयंपाकघराला लागून एक जादा खोली होती. लहानशी, पण खिडकीची. ती पाहिली आणि माझी बायको तिथे जी उभी राहिली ती हलेचना. ती लोकांचे कपडे शिवते, आणि सहा वर्षं तिचं शिवणयंत्र आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला खेटून उभं आहे. एका हाताने भाजी परतायची आणि दुसऱ्या हाताने बाही जोडायची. गिऱ्हाइकं कपडा हातात घेतला की आधी हुंगतात आणि "आज कांदा परतला होता वाटतं" म्हणतात. "इथे यंत्र, इथे कापायचं टेबल, इथे आरसा," ती त्या रिकाम्या खोलीत हवेत बोटं दाखवत सुटली. इतकी खूश मी तिला याआधी एकदाच पाहिली होती, आणि तेव्हा मी आठ दिवसांसाठी बाहेरगावी निघालो होतो.

नव्या घरमालकीणबाई शिस्तीच्या. त्यांची एकच अट होती. आधीच्या घरमालकाचं पत्र आणायचं, की या कुटुंबाने घर नीट वापरलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत पत्र नाही, तर घर दुसऱ्याला. रांगेत दोन कुटुंबं उभीच आहेत, असंही त्यांनी गोड आवाजात सांगितलं.

आणि इथेच माशी शिंकली, कारण आमचे आधीचे घरमालक म्हणजे भिंगवाले. हे नाव त्यांना आमच्या आधीच्या भाडेकरूने दिलं. आम्ही सामान वर चढवत होतो, तो खाली उतरवत होता, आणि जिन्याच्या वळणावर त्याने माझा दंड धरून सांगितलं, "जपून राहा. मालक खिशात भिंग ठेवतो. जाताना भिंग लावून बघतो." एवढं बोलून तो गेला तो गेलाच. त्याचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

सहा वर्षांत भिंगवाले आमच्याकडे चारदा आले. येणार, खुर्चीच्या अगदी कडेला बसणार, पाणी पिणार, मग बराच वेळ छताकडे बघणार आणि "बरं आहे," म्हणून उठणार. एकदा जाताना त्यांनी भिंतीला नाक लावून दोन मिनिटं निरीक्षण केलं. तिथे कॅलेंडर होतं, पण मी कॅलेंडरमागच्या भिंतीच्या काळजीने तो आठवडाभर नीट जेवलो नाही.

"त्यांना बोलवा, चहा पाजा, पत्र मागा. देतील," बायको म्हणाली.

"अगं, असं कोणी देत नसतं. पुरावा लागतो."

इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगितलं पाहिजे. मी कोर्टाच्या नक्कल विभागात आहे. बावीस वर्षं मी लोकांनी केलेले पंचनामे सुवाच्य अक्षरात उतरवून काढतोय. चोऱ्या, आगी, पडलेली झाडं, उलटलेले ट्रक. घटनास्थळी मात्र मी एकदाही गेलेलो नाही. आता घटनास्थळ माझं होतं, घटना माझ्या होत्या आणि पेनही माझं होतं. सोमवारी कचेरीतून येतानाच मी ताव, कार्बन आणि खळीचा डबा घेऊन आलो. संध्याकाळी पहिलं वाक्य लिहिलं: "सदर खोली पूर्व-पश्चिम अकरा फूट असून तीत एक इसम पत्नीसह राहतो." वाचून मला स्वतःलाच भरून आलं.

आता पंचनामा म्हटला की पंच हवेत. म्हणजे सगळं डोळ्यांनी बघून खाली सही करणारे दोन तटस्थ लोक. आमच्या इमारतीत तटस्थ माणूस मिळणं कठीण, तरी मी दोन मिळवले. एक समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर आणि दुसऱ्या खालच्या मजल्यावरच्या मावशी.

डॉक्टर मंगळवारी दवाखान्यातूनच थेट आले, डोक्याला दिवा बांधून. मी त्यांना बैठकीच्या खोलीतली एक केसासारखी भेग दाखवली. त्यांनी दात बघायचा आरसा लावला, आकड्याने हळूच टोकरलं आणि चुकचुकले.

"वरून दिसते तेवढी नाहीये ही. मुळापर्यंत गेलीय. कधीपासून आहे?"

"आम्ही आलो तेव्हापासून."

"आणि तुम्ही आत्ता येताय?" एवढं म्हणून त्यांनी आकड्याच्या मुठीने भिंतीवर टकटक केलं. "दुखतं का?" असंही ते सवयीने विचारून गेले. तेवढ्यात बशीएवढा गिलावा माझ्या पायावर पडला. दुखलं.

मावशींची तऱ्हा वेगळी. त्या डाग बघायला तयारच नव्हत्या. त्यांचं लक्ष आमच्या न्हाणीघराच्या फरशीवर होतं. "हे पाणी सहा वर्षं माझ्या छतातून झिरपतंय. ते आधी लिहा."

"मावशी, तो तुमच्या छताचा प्रश्न. हा आमच्या घराचा पंचनामा आहे."

"मग सही दुसऱ्या कोणाची तरी घ्या."

ते लिहिलं. मग डॉक्टर म्हणाले, की पंचनामा सत्य असेल तर शिवणयंत्राच्या आवाजाचाही उल्लेख हवा, कारण त्यांना दुपारची झोप लागत नाही. तेही लिहिलं. रात्रीच्या जेवणाआधी मी जेव्हा सगळं वाचून काढलं, तेव्हा लक्षात आलं, की माझ्या बचावासाठी सुरू झालेल्या या दस्तऐवजात पान नऊपासून मीच आरोपी आहे. पण सह्या मिळाल्या होत्या. चौदा पानं झाली होती. डाग, चरे, खिळ्यांची भोकं, पोपडे मिळून एकूण नग सत्त्याऐंशी.

कोर्टात प्रत्येक वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी लावतात. मीही लावली. सत्त्याऐंशी डागांशेजारी सत्त्याऐंशी चिठ्ठ्या, ठळक अक्षरात. बायको कामावरून मान वर करून म्हणाली, "अहो, सहा वर्षांत मला यातले चार दिसले होते."

"म्हणूनच तर," मी म्हणालो. तेव्हा ते उत्तर मला फार चोख वाटलं होतं.

बुधवारी फोटो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फोटोवाला आहे, ओळखपत्रांचे फोटो काढणारा. आयुष्यभर त्याने माणसाच्या खांद्याखाली काही टिपलेलं नाही. त्याला मी क्रमांक एक दाखवला, दाराजवळचा पोपडा. त्याने कॅमेरा लावला, काढला, परत लावला.

"साहेब, माणूस नाही यात."

"भिंतीचा फोटो आहे. माणूस कशाला?"

"बिनमाणसाचा फोटो मला जमत नाही. तुम्ही उभे राहा बाजूला."

मी उभा राहिलो. मनात म्हटलं, बरंच झालं, डाग केवढा आहे ते माणसाच्या मापाने कळेल. मी पोपड्याकडे बोट दाखवून गंभीर चेहरा केला.

"हनुवटी जरा खाली. आता थोडं हसा."

"मी का हसू? ही ओल आहे."

"हसल्याशिवाय फोटो माझ्या दुकानाच्या नावाने बाहेर जात नाही, साहेब. थोडंच."

असं सत्त्याऐंशी वेळा. पोपड्याशेजारी हसलो. मोरीच्या गंजलेल्या पाइपाशेजारी उकिडवा बसून हसलो. माळ्यावरच्या बुरशीसाठी स्टुलावर चढून, मान वाकडी करून हसलो. चाळिसाव्या डागाला माझे गाल दुखायला लागले आणि साठाव्याला मला खरंच हसू यायला लागलं, कारण बायको स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. फोटोवाला मात्र कामाचा पक्का. मधेच त्याने विचारलं, "घर रिकामं होतंय वाटतं? मालक राहतात कुठे?" मी हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता, त्याला भिंगवाल्यांचा पत्ता सांगितला. शुक्रवारी फोटो आणून देतो म्हणाला.

गुरुवारी चिठ्ठ्या काढायच्या होत्या. इथे आमच्या कचेरीतल्या खळीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. ही खळ सरकारी आहे. ती एकदा चिकटली की वरिष्ठ न्यायालयाच्या आदेशाशिवाय निघत नाही. आमच्याकडे साठ वर्षांपूर्वी चिकटवलेले कागद आहेत; कागद विरून गेला, खळ आहे. हे सगळं मला माहीत होतं. बावीस वर्षं माहीत होतं. तरी मी क्रमांक एकची चिठ्ठी कोपऱ्यात धरून आत्मविश्वासाने ओढली.

चिठ्ठी आली. तिच्याबरोबर रंग आला, रंगाखालचा रंग आला, आणि त्याच्याखालचा, बहुधा घर बांधलं तेव्हाचा, हिरवा रंगही आला. भिंतीवर पांढरा, रेखीव, काटकोनी चौकोन राहिला. मी म्हटलं, ही एखादी चुकून. दुसरी पाण्याने भिजवून काढली. तेव्हा गिलावाही आला. तिसरी मी सुरीने काढत होतो, तेवढ्यात बायको मागे येऊन उभी राहिली.

"किती राहिल्या?"

"चौऱ्याऐंशी."

"राहू द्या की तशाच."

"अगं, चिठ्ठ्या लावलेलं घर कसं दाखवायचं?"

संध्याकाळी सगळ्या निघाल्या होत्या. ती दारात उभी राहून चारी भिंती पाहत होती. "कालपर्यंत हे डाग शोधायला भिंग लागलं असतं," ती म्हणाली. "आता रस्त्यावरून दिसतील." मग ती आत गेली आणि त्या नव्या खोलीच्या खिडकीसाठी शिवलेला पडदा घडी करून कपाटात अगदी खाली ठेवून आली. तिने ओरडायला हवं होतं. बैठकीच्या खोलीत मी बराच वेळ उभा राहिलो, आणि मला माझी, माझ्या सुवाच्य अक्षराची आणि बावीस वर्षांच्या अनुभवाची लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी हे पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. "सत्त्याऐंशी पोकळ्या!" ते म्हणाले. "एका बैठकीत एवढ्या मी कॉलेजातही भरल्या नाहीत." त्यांनी दवाखाना बंद ठेवला, दात भरायचं सिमेंट आणलं आणि संध्याकाळपर्यंत एकेक चौकोन बुजवला, घासला, चकचकीत केला. काम सुंदर झालं. अडचण एवढीच, की आमची भिंत चहात बुडवलेल्या टोस्टच्या रंगाची आणि भरलेले चौकोन पांढरेशुभ्र, ओल्या दातांसारखे चमकणारे. दिवा लावला की चारी भिंती माझ्याकडे बघून दात काढायच्या. जाताना डॉक्टर म्हणाले, "तासभर काही खाऊ नका."

फोटोवाला आलाच नाही. दुकानाला कुलूप होतं.

शनिवारी सकाळी दहाला दार वाजलं. भिंगवाले. काखेत एक जाड पाकीट. पाकिटावर फोटोवाल्याच्या दुकानाचा शिक्का. माझा सगळा पुरावा, सत्त्याऐंशीच्या सत्त्याऐंशी नग, प्रतिपक्षाच्या काखेत होता.

ते आत आले. सामान बांधायला काढलं म्हणून बायकोने आपला कपडे चढवून बघायचा कापडी पुतळा बाहेरच्या खोलीत आणून ठेवला होता. एका गिऱ्हाइकाचा निळा झगा त्याच्या अंगावर होता. भिंगवाले त्याच्यासमोर थांबले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "काय वहिनी, बऱ्या आहात ना?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. पुतळ्याने उत्तर दिलं नाही, तेव्हा भिंगवाले जरा ओशाळले, हाताने चाचपत खुर्ची शोधली आणि तिच्या कडेला बसले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला दिसतच नव्हतं! सहा वर्षं मी ज्या भिंगाला घाबरत होतो, त्याच्याशिवाय त्यांना स्वतःचं पाऊलही दिसत नसावं. खुर्चीच्या कडेला ते बसत, कारण पुढे खुर्ची आहे की नाही याची त्यांना खात्री नसे.

"काल एक फोटोवाला आला होता," ते म्हणाले. "तुमच्यानंतर त्याला हे घर हवंय. म्हणाला, घर कसं आहे ते फोटोत बघा. मी सगळे पाहिले. भिंगातून."

"सगळे?" माझा आवाज कुठून तरी लांबून आला.

"सत्त्याऐंशी." त्यांनी पाकीट मांडीवर ठेवलं. "मागे सगळं धुरकट आहे, काही कळत नाही. पण माणूस स्वच्छ दिसतो. प्रत्येक फोटोत तुम्ही हसताय. दारात हसताय, मोरीत हसताय, माळ्यावरसुद्धा हसताय." त्यांनी छताकडे पाहिलं. "आजवर चार भाडेकरू गेले इथून. प्रत्येकजण जाताना बोल लावून गेला. शेवटचा तर चार पानांचं पत्र देऊन गेला, ते मी इथेच बसून भिंग लावून वाचलं. तेव्हापासून इथे यायचं म्हटलं की मी चार दिवस पुढे ढकलतो. आता हा काय बोलेल, आता काय काढेल. आणि तुम्ही... माझ्या घरात इतका आनंदात राहिलेला माणूस मी पाहिला नव्हता हो."

बायको माझ्याकडे बघून डोळ्यांनी सांगत होती: गप्प बसा, पत्र मागा. मी गप्प बसणारच होतो. पण ते म्हातारे डोळे छताकडे लागलेले होते, आणि मी बावीस वर्षं खऱ्या नकलांवर सही करणारा माणूस. माझ्याच्याने राहवेना. मी चौदा पानं काढली आणि मोठ्याने वाचायला लागलो. बायकोने कपाळाला हात लावला.

"क्रमांक चार. दाराच्या चौकटीस चार बोटं खाच."

"ती माझी," भिंगवाले एकदम म्हणाले. "लग्न नवीन होतं. आमची ही म्हणाली कपाट आत जाणार नाही. मी म्हणालो जाईल."

"गेलं?"

"नाही." ते हसले. "पुढचं वाचा."

"क्रमांक अठरा. खिडकीखाली तपकिरी डाग."

"आमच्या मेहुण्याचा चहा. आहे अजून?"

ते खुर्चीत मागे सरकून बसले, सहा वर्षांत पहिल्यांदा. एकेक डाग ते आपल्या नावावर करून घेत चालले. पोपडे त्यांचे, खिळे त्यांच्या सासऱ्यांचे, भेग घराबरोबरच आलेली. मी वाचत होतो आणि ते मुलाबाळांची खुशाली ऐकावी तसे ऐकत होते.

"क्रमांक बासष्ट. टेबलामागे शाईचा ओघळ."

"तोही आमचाच."

"माफ करा," मी म्हणालो. "बासष्ट माझा आहे."

"नाही हो. आमच्या लेकीच्या दौतीचा."

"मी स्वतः सांडलीय. गेल्या वर्षीच्या दिवाळखोरीच्या निकालाची नक्कल करताना. काळी शाई आहे, तुमच्या लेकीची निळी असणार!"

"खालची निळी आहे. खरवडून बघा!"

"अहो!" बायको ओरडली. "भांडताय काय? डाग आहे तो!"

मग मी खाली मान घालून चौकोनांचं सांगितलं. त्यांनी उठून भिंतीवरून हात फिरवला. एका गुळगुळीत चौकोनावर बोट थांबलं. "हे काय?"

"दातांचं सिमेंट."

"टिकेल?"

"दहा वर्षं," दारातून डॉक्टर म्हणाले. पंच या नात्याने ते केव्हाचे येऊन उभे होते. "फक्त बर्फ चावू नका."

"फोटोवाला सगळ्या भिंती निळ्या करणार आहे," भिंगवाले म्हणाले. "त्याला मागे निळं लागतं म्हणे. रंगाचं सोडा. पत्र काय हवंय तुम्हाला?"

मी पेनाचं टोपण काढलं. "सदर" एवढंच लिहिलं असेन, बायकोने कागद ओढून घेतला. तिने दोन ओळी लिहिल्या: "यांनी घर नीट वापरलं. सहा वर्षं हसतखेळत राहिले." भिंगवाल्यांनी भिंग लावून त्या दोनदा वाचल्या आणि सही केली. सही कागदावर झाली, शेवटचा फराटा तेवढा टेबलावर गेला. मावशींच्या छताची गळतीही त्यांनी दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं. पुतळ्याचा निरोप घेऊन ते गेले.

नव्या मालकीणबाईंनी दुपारी पत्र वाचलं, किल्ली दिली आणि म्हणाल्या, "दोनच ओळी आहेत, म्हणजे खरं असणार."

गेल्या आठवड्यात आम्ही राहायला आलो. त्या लहान खोलीत आता यंत्र आहे, कापायचं टेबल आहे, आरसा आहे, आणि खिडकीला कपाटाच्या तळातून वर आलेला पडदा. पहिल्या सकाळी मी चहा घेऊन तिथे गेलो. ती पाठमोरी बसून यंत्र चालवत होती. मला खिडकीच्या वर, डाव्या कोपऱ्यात, एक बारीक भेग दिसली. सकाळच्या उन्हात स्पष्ट दिसत होती. आपण आलो तेव्हापासूनच आहे, हे कुठेतरी नोंदवून ठेवलेलं बरं, असं वाटून मी खिशातलं पेन काढलं.

टोपणाचा आवाज झाला. यंत्र थांबलं.

"हनुवटी जरा खाली," ती मागे न बघता म्हणाली. "आता थोडं हसा."